दिव्यावरची टिकली

अक्का गाडीतून उतरल्या आणि आमच्या दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. आता पिंपळनेरला जाईन तर एसटीनंच, असं त्यांनी नवऱ्याला, म्हणजे नानांना सांगून टाकलं. सकाळची वेळ होती. मी कॉम्प्रेसर नुकताच चालू केला होता.

दुसऱ्या दिवशी पिंपळनेरला त्यांच्या लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. नाना केळीचे बागायतदार, आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. नवी गाडी त्यांनी घेतली तीच मुळी व्याह्यांच्या दारात उभी करायला. आता गाडीतून आपण एकटेच उतरायचं आणि अक्का मागून स्टँडवरून पिशवी घेऊन चालत येणार, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. ते नुसतेच गाडीभोवती फेऱ्या मारत होते.

आमचं टायरचं दुकान यावलहून भुसावळकडे निघालं की लागतं. पंक्चर आमचे हे काढतात. हवेचं काम माझ्याकडे. मला लोकांशी बोलणं जमत नाही, आणि हवा भरताना बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक आकडा सांगतं, मी गेजवर तो आकडा आणते. चौथीपर्यंतच्या शाळेत तेवढं येतं.

भांडणाचं मूळ एक पिवळा दिवा होता. नव्या गाड्यांत चाकाच्या आत, जिथून हवा भरतो त्या वॉलच्या बुडाशी, एक सेन्सर बसवलेला असतो. तो आतली हवा मोजतो आणि स्टिअरिंगसमोर आकडा दाखवतो. हवा फार उतरली की दिवा लागतो. सोय चांगली आहे. पण नानांचा दिवा ऊन तापायला लागल्यापासून रोज सकाळी लागायचा आणि दुपारी आपोआप विझायचा. नाना बागेवरून फिरून आमच्याकडे येईपर्यंत दिवा गायब, आणि स्क्रीनवर आकडा एकतीस-बत्तीस. नानांना हवा हवी तीस. मग मी काढून द्यायची.

आमच्याकडे उन्हाळ्यात हे सगळेच करतात. जळगावचं ऊन, डांबर पाघळतं, मग टायर फुटणार नाही तर काय, म्हणून लोक हवा कमी ठेवायला सांगतात. ट्रॅक्टरवाला सांगतो, डॉक्टर सांगतो, मीही काढून देते.

दिव्यासाठी आम्ही सगळं करून पाहिलं होतं. टायर पाण्याच्या टाकीत बुडवले, एक बुडबुडा आला नाही. वॉलच्या पिना बदलल्या. शोरूमवाला म्हणाला सेन्सर गेले. चारही एकदम कसे गेले, ते त्याला सांगता आलं नाही. अक्कांनी गाडीला लिंबू-मिरची बांधली. दिव्याला त्याचंही काही वाटलं नाही. शेवटी नानांनी निकाल दिला की दिवा खोटा आहे. अक्कांचं म्हणणं, गाडी रोज सकाळी काहीतरी सांगते आणि घरातल्या पुरुषांना ते ऐकू येत नाही. अशा गाडीत बसून त्या इतक्या लांब जाणार नव्हत्या.

म्हणून निघायच्या दिवशी नानांनी युक्ती केली. अक्कांच्या पाकिटातली मोठी मरून टिकली काढून दिव्यावर चिकटवली. गाडी सुरू झाली, दिवा लागला, आणि टिकली मागून उजळली. आमच्या दुकानापर्यंत अक्का तिच्याकडेच बघत होत्या. मग गाडी थांबवायला लावली.

"माही टिकली, अन् तुमच्या गाडीच्या कपाळाले?" एवढंच त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

आमचे हे हसू दाबायला पाना शोधत आत गेले. मला काय करावं कळेना, म्हणून मी गेज घेऊन चाकाशी बसले. पुढचं डावं, सव्वीस. पुढचं उजवं, सव्वीस. मागची दोन्ही तेवढीच. मी पुन्हा मोजलं. गेज बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. त्यानंही तेच सांगितलं.

नाना म्हणाले, काल दुपारी तर तुझ्याच हातानं तीस केली होती. खरं होतं. त्यांची गाडी सकाळी, चाकं गार असताना, मी आजवर कधी मोजलीच नव्हती. ते यायचे ते रस्ता तापल्यावर.

अक्का झाडाखालून ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "काय वं माय, चोर आला तर एका चाकातून नेईन ना? चारी चाकातून सारखी मोजून कसा नेईन?"

मी मान हलवली. पंक्चर एका चाकाला होतं. चारही सारखी उतरली म्हणजे रात्रीतून हवा कुठं गेलेली नाही.

अक्का म्हणाल्या, "तव्यावर भाकर फुगते. टोपल्यात टाकली का बसते. पीठ तेवढंच राह्यते. तुमचं चाक तसंच हाय का?"

तसंच होतं. उन्हात चालून चाक तापलं की आतली हवा फुगते आणि आकडा चढतो. तो चढलेला आकडा बघून नाना घाबरायचे आणि मी काढायची. रात्री चाक गार झालं की आकडा खाली बसायचा, तो दिव्याच्या हद्दीत. सकाळी दिवा लागायचा. दुपारी चाक पुन्हा फुगायचं, दिवा विझायचा, नाना पुन्हा आमच्या दारात. गाडीच्या दाराच्या कडेला तेहतीसचा आकडा लिहिलेला असतो, तो गार चाकाचा. ऊन लागून तो चढणार हे कंपनीनं धरलेलंच असतं. उलट कमी हवेचं चाक जास्त दबतं, जास्त तापतं, आणि फुटायची भीती त्यालाच जास्त.

मी चारही चाकं तेहतीस केली. नाना जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, धुळ्यापर्यंत जाईस्तोवर चाळीस होईल, त्याचं काय?

आमचे हे अजून आतच होते. उत्तर मलाच द्यावं लागलं. मी म्हणाले, "होऊ द्या. हात लावू नका."

माझ्या आवाजाचं नानांना आश्चर्य वाटलं असावं. मलाही वाटलं. त्यांनी गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली, मागे आणली. दिवा विझला. अक्का उठल्या, गाडीत डोकावून टिकली नखानं काढली, मागचा गोंद बघितला आणि पदराच्या टोकाला चिकटवून ठेवली. मग बसल्या. पण अट घातली.

"वाटेत कुठं हवा काढाले थांबले, का मी तिथूनच एसटी धरीन."

संध्याकाळी ह्यांच्या फोनवर नानांचा फोन आला. पोहोचले होते. पारोळ्यापुढं आकडा एकोणचाळीस झाला, हात शिवशिवले, एक टायरचं दुकानही दिसलं, पण अक्का एकदा स्क्रीनकडे आणि एकदा समोरून येणाऱ्या एसटीकडे बघत होत्या. गाडी व्याह्यांच्या दारात उभी राहिली, दोघंही दोन्हीकडच्या दारांनी उतरले. मागून अक्का ओरडून सांगत होत्या, की टिकली परत तिच्या जागी लावली, चिकटली.

त्यानंतर दिवा लागला नाही. खोटा म्हणून सगळ्यांनी ठरवलेला तो दिवा रोज सकाळी खरं बोलत होता, आणि आम्ही त्याचं म्हणणं दुपारी तपासत होतो.

आता भर उन्हात कुणी हवा काढायला आलं की मी सांगते, चाक गार असताना सकाळी या. बहुतेकांना ते पटत नाही. ते समोरच्या दुकानात जाऊन काढून घेतात. मग सकाळी दिवा लागतो, आणि माझ्याकडे येतात.