नसलेल्या विमानाचं माप

माझी शाळा चौथीत सुटली. सुटली म्हणजे मास्तरनं सोडवली. पण उद्यमनगरात फाउंड्रीच्या कामाला लागलो, लाकडाचे पॅटर्न करायला शिकलो, आणि मला वाटायला लागलं की कोल्हापुरात लाकडाचं जे काही व्हायचं ते माझ्याच हातनं व्हायला पाहिजे. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या जागेत लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड जगभर जातं, पॅटर्न कोपऱ्यात पडून राहतो, आणि पॅटर्न करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

विचारायचे ते गणपतीत. आमच्या पेठेतल्या तालमीचा देखावा दर साली मीच करायचो. दुसऱ्या कुणी खिळा मारला तर तो उपटून मी परत मारायचो, इतका माझा स्वभाव गोड.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची गोष्ट. बायकोचा धाकटा भाऊ नौदलात होता, विमानवाहू जहाजावर. रजेवर आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "दाजी, आमची विमानं म्हातारी झाली. शत्रूचं विमान जहाजाला भिडायच्या आत वर जाऊन पाडणारं जेट पायजे. इंटरसेप्टर म्हणत्यात. पर तसलं आपल्याकडं न्हाई."

"न्हाई व्हय? मग मी करतो."

"आवो, न्हाईच तर बघून करणार कशाचं?"

"हाय ते कोण बी करतंय की!"

झालं. त्या साली देखावा ठरला: समुद्र, जहाज आणि जहाजाच्या पोटातनं लिफ्टनं वर येणारं आपल्या नौदलाचं जेट, जे आपल्या नौदलाकडं नव्हतंच. जहाज आणि सायकलच्या चेनवर चालणारी लिफ्ट माझ्या दोस्तानं करायची. तो पत्र्याच्या ट्रंका करणारा, मुसलमान; पेठेत त्याचं घर आजोबापासनं, आणि मांडवाचा पत्रा दर साली तोच ठोकायचा.

वस्ताद, म्हणजे आमच्या तालमीतलं वडीलधारं माणूस, मान हलवत म्हणाले, "लेका, मधीच अडाकलं तर पेठंचं हसं व्हईल. साधं काय तरी कर."

भरल्या तालमीत मी बोलून बसलो, "विमान लिफ्टनं वर आलं न्हाई, तर पुन्हा देखाव्याला हात लावणार न्हाई!"

बोललो आणि मग हिशेब मांडला. देखावा गेला तर पेठेत माझं उरलं काय? फाउंड्रीतला एक गडी, बास.

मेव्हण्यानं एक इंग्रजी मासिक आणलं होतं. वाचायचा प्रश्नच नव्हता, चित्रं बघितली. बाळंतिणीच्या घरी पाहुण्या बायका बाळाचे नाक-डोळे वाटून घेतात तसं मी एकाचं नाक घेतलं, दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याची शेपटी. सागवान कापलं. जहाजावर जागा कमी म्हणून पंखांना बिजागऱ्या लावून ते वर मिटतील असे केले. महिनाभर घरात जेवणापेक्षा भुसा जास्त.

मेव्हणा एकदा निरखून बघत म्हणाला, "दाजी, ह्येच्या अंगाला दोन्ही बाजूनं ढाळ कशाला दिलाय?"

"साच्यातनं सुटायला नको?"

"कुठल्या साच्यातनं?"

मी रंधा मारतच राहिलो. हे विमान कुणी ओतणार नाही, हे मला माहीत होतं. माझ्या हातांना कुणी सांगितलं नव्हतं. "वाऱ्याला बरं पडतंय," असं मी ठोकून दिलं. तो नौदलातला माणूस, पण बहीण माझ्या घरात दिलेली. "पडत असंल," म्हणाला.

दोस्ताला मी माप सांगितलं होतं, "विमान बरोबर दोन फूट. लिफ्टचं भोक त्याच्यापेक्षा अर्धं सूत जास्त धर. ढिलं काम मला चालत न्हाई." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

गणपती यायच्या आदल्या दुपारी विमान लिफ्टवर ठेवलं. वस्तादांनी पायडल फिरवलं. विमान रुबाबात वर आलं आणि भोकाच्या काठाला शेपटी लागून कचकन थांबलं.

"भोक चुकलंय!" मी गरजलो.

"भोक बरोबर हाय," दोस्त म्हणाला. "तुझं विमान वाढलंय."

"विमान काय मिसरूड फुटलेलं पोरगं हाय व्हय वाढायला?" मी माझी पट्टी लावली. दोन फूट. चोख. दोस्तानं त्याची पट्टी लावली. दोन फूट दोन सूत. मग त्यानं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या.

लोखंड निवताना आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, फुटाला एक सूत लांब. माझ्याकडं आयुष्यभर तेवढीच एक पट्टी. घरातलं कपाट, देवाचा पाट, सगळं त्याच मापाचं. सगळी तालीम वाकून बघत होती. मला सगळं कळलं, तरी तोंडातनं निघालं, "तुझी पट्टी आखूड हाय."

"व्हय रं बाबा! सारी दुनिया आखूड, तू एकटाच लांब!"

वस्तादसुद्धा हसले. मी नाही हसलो. माझा देखावा त्या दोन सुतात अडकला होता. दोस्तानं माझं तोंड बघितलं आणि कात्री उचलली. "सर बाजूला. मी पत्रा कापतो."

तिथं माझ्यातलं काय उठलं कुणास ठाऊक. त्याचं काम बरोबर होतं. माझ्यासाठी त्यानं ते बिघडवायचं? "खबरदार पत्र्याला हात लावलास तर," म्हणालो आणि करवत घेतली.

"आवो दाजी, शेपटी नको!" मेव्हणा ओरडला. "तिथं आकडा हाय. तो दोरीत अडाकतोय म्हणून तर विमान जहाजावर थांबतंय!"

"आधी वर तर जाऊ दे!" म्हणालो आणि आकड्यासकट शेपटी उडवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमान वर आलं, पंख उघडले, आणि पेठेनं शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. मी छाती काढून उभा. मेव्हणा कानात म्हणाला, "उडंल झकास. उतरायचं न्हाई." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

देखावा माझ्याकडंच राहिला. पुढच्या साली कामाला लागायच्या आधी दोस्त घरी आला आणि म्हणाला, "तुझी ती लांब पट्टी दे, तसलीच एक पत्र्याची करून घेतो." साधी पट्टी विकत घ्यायला तो मला सांगू शकला असता, मी घेतली नसती, हे त्याला माहीत होतं. तेव्हापासनं त्यानं सगळा पत्रा माझ्या मापानं कापला, आणि आमच्या तालमीचा देखावा बाकीच्या पेठांपेक्षा फुटाला सूतभर मोठाच होत राहिला.