रिकाम्या डिकीचं वजन

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी दर वेळी वाचते आणि दर वेळी मनातल्या मनात हसते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. मी अमरावतीत शाळेत विज्ञान शिकवते. नारळातून धूर कसा काढतात, पाण्यावर दिवा कसा पेटवतात, हे बाबा-बुवांचे प्रयोग मी गावोगावच्या यात्रांत स्टेजवर करून दाखवलेले आहेत. भूत असतं का, असं पोरं विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं — असतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

तर अशा बाईसोबत हे झालं. पटलं तर घ्या, नाही तर माझ्यासारखं हसा.

माझं माहेर बाळापूरच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. आम्ही माळी. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात वांगी-मिरची, आणि मळ्यातच घर. बाबा लवकर गेले. आईला आम्ही मायच म्हणायचो. तिने मळा राखला आणि आम्हा दोघांना मोठं केलं — मी आणि माझा धाकटा भाऊ विलास.

इलेक्ट्रिक गाडी मी घेतली ती मायसाठीच. सकाळी निघायचं, तिच्या हातची भाकर खायची, संध्याकाळी परत. कुणाला विचारायला नको, पेट्रोलचा विचार करायला नको. शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "मॅडम, तीनशेच्या वर जाते, डोळे झाकून चालवा." मी डोळे उघडे ठेवून चालवली तरी पहिल्याच महिन्यात कळलं, की तो तीनशेचा आकडा फक्त शोरूमच्या काचेवर चालतो. हायवेला नव्वदने जा, उन्हाळ्यात एसी लावा, समोरून अकोल्याकडचा पश्चिमेचा वारा घ्या... दोनशे दहा मिळाले तरी देव पावला. राग खूप आला. पण मी गणित बसवलं. एक टक्का बॅटरी म्हणजे साधारण दोन किलोमीटर. जाताना थोडं कमी, येताना वारा पाठीशी म्हणून थोडं जास्त. मळ्यावर पोचले की विहिरीच्या मोटरचा प्लग काढून तिथे गाडी लावायची. लाइन असली तर.

माय विचारायची, "गाडीले चारा टाकला का?"

आणि येताना डिकी. आमच्याकडे लेकीची गाडी माहेराहून रिकामी जात नाही. तुरीची डाळ, वांगी, मिरच्या, अंबाडी, गुरांची सरकीची ढेप सोडून बाकी सगळं. वर झेंडूची टोपली. मी ओरडायचे, "माय, वजन वाढलं की रेंज कमी होते."

"बैलाले ओझं झालं तं आपन उतरून चालतो, सुमे. मी फाट्यापावतर चालत येऊ का?"

आता विज्ञानाचं सांगायचं तर डाळीच्या पोत्याने रेंज फार कमी होत नाही. वेग आणि एसी जास्त खातात. मलाही ते ठाऊक होतं. पण मायशी भांडायला काहीतरी लागायचं.

तिला अमरावतीला राहायला ये म्हटलं की ती मळ्याकडे बघायची. "मळा सोडून कुठी येऊ? आणि आली तं पाट्यासकट येईन. मंग परत जाणार नाई." पाटा म्हणजे तिचा वाटणाचा दगडी पाटा, तिच्या आईने दिलेला. उचलायला दोन माणसं लागायची. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी एकदाच आली, मागच्या सीटवर मधोमध बसून, दोन्ही हात दोन गाठोड्यांवर. पट्टी सुटल्याबरोबर म्हणाली, सोडून दे.

मग माय गेली. झोपेत गेली, त्रास झाला नाही.

तेराव्यानंतर विलास आमच्याकडे अमरावतीला आला; मळ्यावर तोच राहायचा. आता आमच्याकडची रीत ज्यांना माहीत आहे ते ओळखतीलच. भाऊ साडीचोळी करतो, बहीण हक्कसोडीवर सही करते. बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटलं, असं सगळे धरून चालतात. मी शिकलेली, कायदा जाणणारी. आमचे हे म्हणालेसुद्धा, "एकदा विचार कर." पण समोर माझा भाऊ बसला होता, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं.

"ताई, मळा विकायचा नाई. मायची जागा हाये ते. मायची आन. तू कदीबी ये, दार उघडंच राहीन," तो म्हणाला.

मी सही केली. साडी मोरपंखी होती. अजून घडी मोडलेली नाही.

तेव्हा शेतीचे दिवस कसे होते ते वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको. कापूस घरात, भाव नाही. आदल्या एका दसऱ्याला तर लोकांनी झेंडूचे ढीग अकोल्याच्या रस्त्यावर तसेच टाकून दिले होते, गाईसुद्धा खात नव्हत्या. विलास कधी फोनवर म्हणायचा, "काई नाई राह्यलं ताई यात." मी समजूत काढायची. तो हो-हो करायचा. ताकास तूर लागू दिली नाही त्याने.

मायनंतरचा पहिला दसरा. आमच्या दाराला झेंडू नेहमी मळ्यातलाच लागतो. विलासला न सांगताच निघाले, म्हटलं बघून खूश होईल. डिकीत रिकामी टोपली. अकोल्यात फास्ट चार्जरवर थांबून घेतलं.

फाट्यावरून वळले आणि मला वाटलं, चुकले. परत मागे गेले. विहीर दिसली तेव्हा कळलं, की नाही, हीच जागा. विहीर अर्धी बुजवलेली. शेवंती नाही, झेंडू नाही, घर नाही. जमीन सपाट केलेली, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, ठिकठिकाणी सिमेंटचे दगड, आणि रस्त्याच्या तोंडाशी कुठल्यातरी नगराचा बोर्ड. अंगणातल्या कडुलिंबाचं खोड तेवढं पडलेलं होतं.

मी तिथे उभी राहूनच फोन लावला.

"सांगणारच होतो, ताई," विलास म्हणाला. "तू नको म्हनली असती."

"म्हणून नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "अकोल्यात फ्लॅट घेतला. वहिनीले तुही आठवण येते. ये ना घरी."

"पाटा कुठे आहे, विलास?"

"कोनता पाटा?"

"मायचा."

"ते... जेसीबीवाल्यानं कुठी लोटला काय मालूम. ताई, मिक्सर हाये ना तुह्याकडं. पाट्याचं काय करतं?"

मी फोन ठेवला. पडलेल्या विटा-मातीच्या ढिगाऱ्यात हाताने शोधलं. चुलीचा तुकडा सापडला, पाटा नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी नीट कळलं. त्याने जमीन विकली याचं एवढं नव्हतं. मायची आन घेऊन विकली, आणि मला ते फोनवर सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, ते मला अजून पचलेलं नाही.

डिकी उघडली, रिकामी टोपली आत टाकली, निघाले. दुपार होती. बॅटरी सत्तर टक्के. अमरावतीला पोचून वर उरणार, याची मला खात्री होती. वारा नव्हता, एसीही मी लावला नाही.

वळणावर गाडी जड लागली. स्टिअरिंग नाही... गाडीच. उठायला वेळ घेत होती. मी रडत होते, म्हणून लक्ष दिलं नाही. अकोल्याचा बायपास कधी गेला कळलं नाही. बोरगाव मंजूला सहज आकड्यावर नजर गेली — सत्तावीस.

मला वाटलं, डिस्प्ले बिघडला. गाडी बाजूला घेऊन बंद केली, परत चालू केली. सत्तावीस. एका टक्क्याला एकच किलोमीटर जात होता. वेग पन्नासवर आणला. ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. आकडा तसाच उतरत राहिला. शोरूमवाल्याने दगा दिला, भावाने दिला, आता गाडी उरली होती तीही... रस्त्यात मला असं वाटलं, आणि मी मोठ्याने रडले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे सलीमभाईंचं हॉटेल आहे, तिथे चार्जिंगचा पॉइंट आहे. गाडी जेमतेम चार टक्क्यांवर तिथे शिरली. मी आधी चारही चाकांना हात लावून पाहिला. ब्रेक अडकला असता तर चाक तापलं असतं. सगळी थंड. सलीमभाईंनी हवा तपासली, बरोबर होती. मग ते जरा मागे सरकले आणि गाडीकडे बघत राहिले.

"मॅडम, मांगं काय भरून आणलं? गाडी पार बसून राहिली."

मी गेले. खरंच. मागच्या चाकावर नेहमी बोटभर मोकळी जागा दिसते, ती नव्हती. लग्नाचं वऱ्हाड बसवल्यावर गाडी बसते, तशी बसली होती.

"काही नाही भरलं," मी म्हटलं आणि डिकी उघडली. टोपली. टोपलीत काही नाही.

सलीमभाईंनी आत वाकून पाहिलं. मॅटही उचलून पाहिली. मग डिकी हळूच लावली, आपटली नाही. "दिवसभर गाड्याच पाह्यतो मी," ते म्हणाले. "ही गाडी रिकामी नाई." आणि चहा सांगायला आत गेले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही.

चार्ज होईपर्यंत मी बाकावर बसून गणित करत होते. सवय आहे, दुसरं काय. एक म्हातारी बाई आणि एक दगडी पाटा, दोन्ही धरले तरी निम्मी रेंज जात नाही. कुठल्याही हिशेबाने जात नाही. अख्खा मळाच गाडीत बसला असेल तर मला सांगता येणार नाही, ते गणित मी शिकवत नाही.

भरपूर चार्ज करून निघाले. गाडी तशीच जड, आकडा तसाच पळत होता. पण आता मला भीती वाटत नव्हती. का ते विचारू नका. खड्डा आला की मी वेग कमी करत होते, मागे कुणी बसलं असताना करतो तसा.

अंगणात गाडी लावली. आमचे हे दारात आले होते. मी उतरले, मागचं दार उघडलं, आणि ज्या बाईने आयुष्यभर असल्या गोष्टींची टिंगल केली त्या बाईच्या, म्हणजे माझ्या, तोंडून शब्द निघाले — "माय, घर आलं. उतर."

गाडी वर आली. मागून, सावकाश, माणूस उतरल्यावर येते तशी. यांनी पाहिलं. त्यांना विचारा, ते हिशेबनीस आहेत, खोटं बोलत नाहीत. बोटभर जागा चाकावर परत दिसायला लागली.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. स्प्रिंग ठीक, बॅटरी ठीक, "सॉफ्टवेअर अपडेट केलं मॅडम" म्हणाले. त्यानंतर गाडी चिखलदऱ्याला गेली, नागपूरला गेली, एका टक्क्याला दोन किलोमीटर, इमानदारीत. घरातही काही झालं नाही. भांडी वाजली नाहीत, सावली दिसली नाही. तसं काही मी सांगणार नाही, कारण तसं काही घडलं नाही.

गेल्या थंडीत विलासच्या मुलीचा साखरपुडा झाला, अकोल्यात. पोरीचा काय दोष, म्हणून गेले. विलास माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. निघताना वहिनीने पेढ्यांचा पुडा हातात दिला. मला काय वाटलं कोण जाणे, परत फिरण्याऐवजी गाडी बाळापूरच्या रस्त्याला घातली आणि मळ्याच्या जागेपर्यंत गेले. तीन-चार घरं उभी राहिली होती. विहिरीची जागा ओळखता येईना. मी डिकी उघडली. उगीचच. थोडा वेळ उघडी ठेवली, मग लावली.

येताना गाडी भुर्रकन पळाली. आकडा उतरायलाच तयार नव्हता. घरी येऊन हिशेब केला तर बरोबर तीनशेच्या वर जात होता, शोरूमच्या काचेवर लिहिला होता तेवढाच.

कारण मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहावं, मी मोकळ्या मनाने वाचेन. मला इतकंच ठाऊक आहे, की त्या दिवशी गाडीने पहिल्यांदा कंपनीचा शब्द खरा केला, आणि मी पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. माहेराहून निघालेली माझी गाडी पहिल्यांदाच रिकामी आली होती.