तलफ आली की दोन ओळी

वरवंडच्या बबनरावांनी पस्तीस वर्षं शेतपंपांच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना गालात तंबाखूचा बार कायम. दुकान मुलाकडं गेलं, मोटारी सुटल्या, बार काही सुटला नाही. मग तीन वर्षांपूर्वी दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून त्यांना तोंडातला पांढरा चट्टा दाखवला आणि साफ सांगितलं, "आज बंद केलीत तर वाचाल." बबनराव घाबरले. घाबरले म्हणून तर बरं.

तोंडाला एक वेळ समजावता आलं. पंचाईत हातांची होती. जेवण झालं की डावा तळवा पुढं यायचा आणि अंगठा त्यावर फिरायला लागायचा, तळव्यात काही नसलं तरी. सून नीलम अंगणवाडीत शिकवते, फावल्या वेळात विणते. तिनं त्यांच्यापुढं दोन सुया आणि लोकरीचा गुंडा ठेवला.

"मामा, तलफ आली की दोन ओळी विणायच्या."

"आगं, बाप्या माणसानं? लोकं काय म्हणत्याल?"

"मग दार लावून विणा."

दार लावून सुरू झालं. पहिले पंधरा दिवस टाके इतके आवळलेले, की दुसरी सुई आत शिरेना. नीलम हसली, "मामा, मळू नका, विणा." उसवायचं, पुन्हा घालायचं. पण वेढे मोजण्यात जन्म गेलेला माणूस, चाळीस टाके कितीसे? एक ओळ सुलट, एक उलट. दुसरी संपेपर्यंत तलफ उतरलेली असायची, आणि तिसरी ते नुसत्या मजेसाठी घ्यायचे. चट्ट्याचं भयही तेवढा वेळ गप्प बसायचं. पुढं सुयांची पिशवी त्यांच्याबरोबर सगळीकडं जायला लागली, पण घराबाहेर ती कधी उघडली नाही.

त्यांचा जोडीदार साहेबराव. दोघांची तंबाखू एकच, बबनरावांच्या तळव्यावर मळलेली. त्यानं एकदा अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "बबन्या, कशानं सोडलीस रं?"

"मनानं ठरवलं, सुटली," बबनराव म्हणाले. सुयांचं नाव काही तोंडातून निघालं नाही.

"माझं मन लई कच्चं हाय गड्या," साहेबराव म्हणाला. त्यानं दोनदा सोडून पाहिली, दोनदा धरली. यंदा तोंडाच्या कॅन्सरनं गेला.

दहाव्याला तळ्यावर तीनेकशे माणूस जमलं. प्रवचन झालं, भाषणं झाली, पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. साहेबरावाचा मुलगा सतीश शिक्रापूरच्या कंपनीत असतो. आईला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलं. बाभळीवरचे कावळे ढिम्म. ऊन चढलं. तेव्हा भावकीतले पोपटराव म्हणाले, "आरं, त्याला तंबाखू पायजे. बबनरावाच्या हातची."

कुणी पुडी दिली, कुणी चुन्याची डबी. तीनशे माणसांत, मित्राच्या पिंडाजवळ, नाही कसं म्हणणार? बबनरावांनी चुना लावला, मळली, दोनदा थापटली. तोंडाला पाणी सुटलं. अर्धी पिंडाशेजारी ठेवून ते मागं सरले आणि कावळा उतरला. त्याला भात दिसला असेल, पण लोकांना जे समजायचं ते समजलं. "शिवला, शिवला," म्हणत सगळे उठले. बबनरावांच्या तळव्यात उरलेली अर्धी तशीच होती. मळणाऱ्याचा वाटा अर्धा, ही दोघांची रीतच होती. हात ओठांपर्यंत गेला होता, खोटं कशाला सांगा.

ते तसेच पाण्याकडं गेले आणि उरलेली पाण्यात झटकून टाकली. तळवा वाळूनं घासला, तरी वास जाईना. मग पायरीवर बसून त्यांनी पिशवी उघडली आणि सगळ्यांदेखत सुया हातात घेतल्या. पहिल्याच ओळीत दोन टाके सुटले.

"बबनराव, हे काय बायकांचं काम काढलंय?" पोपटराव जवळ येऊन हसले. मागं सतीश उभा होता.

बबनरावांनी सुटलेले टाके उचलून सुईवर घेतले. "ह्याच्यानं सुटली माझी तंबाखू," ते सतीशला म्हणाले. "मनानं न्हाई. तुझ्या बापानं इचारलं व्हतं मला. लाज वाटली म्हणून म्या त्याला सांगितलं न्हाई."