दाराचं माप

मुंबईहून आलेला कागद साहेबांनी माझ्या टेबलावर आपटला. आमच्या प्रोग्रामच्या हिशेबाने चांदूर रेल्वेच्या शाळेची तुळई चक्क झोळीसारखी वाकत होती. नईमला सांगा, मुंबईचं ट्रेनिंग विसर आणि ट्रेसिंगच्या टेबलावर परत ये, असं म्हणून ते निघून गेले.

एकोणीसशे साठचं दशक होतं. अमरावतीत कॉम्प्युटर नव्हता. आमच्या डिझाइन ऑफिसात मी दोघांना फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होतो, तेही निव्वळ कागदावर. कागद बडनेऱ्याहून रेल्वेने मुंबईला जायचे, तिथे मशीनला वाचता येतील अशी भोकांची कार्डं पंच व्हायची आणि उत्तर येईपर्यंत आम्ही देव पाण्यात ठेवून बसायचो.

तुळईचं सबरूटीन नईमचं. हा अकोल्याचा ड्राफ्ट्समन, ट्रेनिंगसाठी जीव टाकणारा. सबरूटीन म्हणजे एकदा लिहून ठेवलेलं गणित. पाहिजे तेव्हा बोलवायचं आणि दर वेळी नवी मापं द्यायची. ही मापं म्हणजे आर्ग्युमेंट. राजापेठेतल्या शिंप्याला आपण छाती, कंबर सांगतो ना, तसंच. फक्त मशीन नावं बघत नाही, क्रम बघतं. पहिला आकडा छातीचा ठरला असेल, तर तुम्ही कंबर सांगा, ते छातीच धरणार.

नईमचं सबरूटीन बोलावणारा मुख्य प्रोग्राम वानखडेचा. हा साइटवरून आलेला ओव्हरसियर. मी दोघांचे कागद वेगवेगळे तपासले. दोन्ही बरोबर. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला लागले, तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. दोघांना धरून साहेबांच्या केबिनमध्ये नेलं.

"या दाराचं माप सांगा," मी म्हणालो.

"तीन बाय सात," नईम म्हणाला.

"सात बाय तीन," वानखडे म्हणाला. "साइटवर आमी उंचीच पयले सांगतो."

ड्रॉइंगवर रुंदी आधी, साइटवर उंची आधी. वानखडेने तुळईची उंची आधी दिली, नईमच्या सबरूटीनने ती रुंदी म्हणून घेतली. तुळई आडवी झोपली. फूटपट्टी चपटी आडवी धरली की वाकते, कडेवर उभी धरली की वाकत नाही, तसं झालं. साहेब स्वतः साइटवर वाढलेले. तेही उंचीच आधी सांगणारे. म्हणाले, क्रम दुरुस्त करून पुन्हा पाठवा.

"मले वाटलं, सर, मी गेलोच," बाहेर आल्यावर नईम म्हणाला.

दुसरं उत्तर बरोबर आलं. नईम मुंबईला गेला. तेव्हापासून मी नव्या पोरांना सबरूटीनच्या डोक्यावर आर्ग्युमेंटचा क्रम लिहायला लावतो. ते कुरकुरतात. शिंपी निदान आपल्या पोटाकडे बघून विचारतो, का हो, कंबर एवढीच? मशीन विचारत नाही, शिवून मोकळं होतं.