मामांचं कुरकुरणारं दार

आपल्या घरात भूत नाही म्हणून हळहळणारा माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मामांनी कोरेगावला उसाच्या कडेला स्लॅबचं घर बांधलं आणि ज्या वयात माणसं हरिपाठाला लागतात त्या वयात ते झपाटलेल्या घरांच्या कादंबऱ्यांना लागले. सांगलीच्या वाचनालयातून त्या आणून पोचवणं हे जावई म्हणून माझं काम. खून, प्रेम असल्या भानगडी त्यांना चालत नसत. पुस्तकात घर पाहिजे, त्या घरातलं मेलेलं माणूस पाहिजे, आणि ते घर सोडायला तयार नको, एवढीच त्यांची अट.

आता चकचकीत फरशीवर आणि ट्यूबलाइटखाली कुठलं भूत टिकणार? म्हणून मामांनी स्वतःच वातावरण तयार करायला घेतलं. मागची खोली कायमची बंद ठेवायचा हुकूम निघाला, तर मामींनी तिथे कांदे पसरले. "भुताला कशाला यवडी जागा?" म्हणाल्या. पुढचं दार कुरकुरलंच पाहिजे म्हणून बिजागऱ्यांना तेल घालायला मनाई होती. पण मामा पेपर आणायला चौकात गेले, की मामी वेणीसाठी घेतलेलं खोबरेल दोन बोटांनी बिजागरीला पुसत. मामा परत येत, दार निमूट उघडे आणि त्यांचं तोंड पडे.

"कुनी तेल घातलं?"

"मला काय म्हाईत? तुमचं भूत आसंल," मामी म्हणत आणि भाकरी थापत राहत.

या पुस्तकांत एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं. मामांनी हातातलं पुस्तक मिटलं. "पाव्हनं, फौजंत सकाळी संगं चा पिल्यालं मानूस सांजच्याला नसायचं. बिस्तरा गुंडाळला की त्याची खाट दुसऱ्याला. हितं बघा, गेल्यालं मानूस घर सोडत न्हाई. वाचून लय बरं वाटतंय." त्यानंतर मी कधी त्यांची थट्टा केली नाही.

गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी दिवा लावून पीठ पसरतात, वर टोपली झाकतात आणि सकाळी पिठात कसली पावलं उमटली ते बघतात. त्यावरून पुढचा जन्म कळतो म्हणे. सकाळी बायका जमल्या आणि मामांच्या थोरल्या चुलतीने टोपली उचलली. "पाच बोटं हायती. मानसाचाच जलम," तिने सांगितलं. सगळ्यांनी हात जोडले. मामांच्या बाहीला मात्र पीठ लागलेलं मला दिसलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. "पाखराची पावलं व्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "म्याच हातानं पुसली. पाखरू झाली म्हंजी घर सोडलं की तिनं." मामा माझ्याकडे न बघता बाही झटकत राहिले.

पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा मागच्या वेळची पुस्तकं सुतळीही न सोडता तशीच पडली होती. मामींच्या हाताचं तेल कधीच सुकलं होतं आणि दार मामांना हवं होतं तसं, पार चौकापर्यंत ऐकू जाईल असं कुरकुरत होतं. मी कोनाड्यातली खोबरेलाची बाटली उचलली.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "त्ये तिचं काम हाय. ज्या दिवशी दार गप उघडंल, त्या दिवशी म्या वळखंन."

मग पिशवी घेऊन ते पेपर आणायला निघाले. जाताना दार नीट लोटून घेतलं. घरात मी आणि ती बाटली. तेलाचं एक बोट फिरवलं असतं तर त्या माणसाचा जन्म सुखात गेला असता. मी बिजागरीपर्यंत गेलोही. पण मामींच्या जागी आपलं बोट घालायचा मला धीर झाला नाही, आणि मी बाटली होती तिथे ठेवली.

थोड्या वेळाने बाहेर चपला वाजल्या आणि थांबल्या. मग दार अगदी सावकाश, जपून ढकललं गेलं. ते कुरकुरलं.

"आज बी न्हाई," मामा म्हणाले आणि पेपर उघडून बसले.