मेल्यावर सहदेवचं वजन वाढलं

"बाई, नवरा सुधारतोय तुमचा. वजन वाढलंय त्याचं," सबनीस साहेब म्हणाले.

शेवंतीने पदर घट्ट ओढून घेतला. विक्रोळीच्या रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला, त्यात सहदेव गेला. घाटकोपरच्या चाळीतून तिच्या डोळ्यांदेखत त्याची तिरडी उठली. तेव्हापासून ती या कामगार विम्याच्या कचेरीतून पेन्शन नेत होती. या महिन्याची मात्र आली नव्हती.

"साहेब, ते नाहीत ओ."

"माझ्या फायलीत नाहीतच. पण मुलुंडच्या आपल्या विम्याच्या दवाखान्यात आहेत ना! इतके दिवस आमची फाईल इथे, त्यांचे कागद तिथे. कोण कोणाला विचारतंय? आता कॉम्प्युटर आला. त्याने दोन्हीकडचे सहदेव एका जागी आणून बसवले."

काचेपलीकडच्या थंडगार खोलीत एक माणूस चपला बाहेर काढून, देवळात जावं तसा आत गेला. यंत्र करकरलं. साहेबांनी लांबलचक कागद पुढ्यात ओढला.

"दिवाळीनंतर छातीचा क्षय निघाला. शिमग्यात गुडघे धरले. मध्येच एक दाढ काढली. आता रात्रीचा घाम थांबलाय. भूक लागते, असं सांगितलंय डॉक्टरांना."

भूक लागते. गावाहून खुशालीचं पत्र यावं तसं शेवंतीला क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच अंगावर सर्रकन काटा आला.

तिला सगळं ठाऊक होतं. चाळीत विम्याचं कार्ड साखरेच्या वाटीसारखं घरोघर फिरायचं. गिरण्या बंद पडल्यावर तर ज्याच्याकडे कार्ड, त्याच्या नावावर सगळी चाळ आजारी. माणूस गेला म्हणून त्याचं कार्ड कोण जाळतं? गुडघे शेजारच्या अनंताचे होते, दाढ वरच्या मजल्यावरच्या जयवंतची. आणि छाती होती लवूची, तिच्या धाकट्या दिराची.

"त्याच्या नावावर कोण जातं, एवढं लिहून द्या," साहेब म्हणाले. "पेन्शन उद्यापासून सुरू."

"आणि जो जातो त्याचं औषध?"

"बंद. त्याचा काय संबंध?"

औषध अर्ध्यात सोडलंस तर पुढे कसलंच लागू पडणार नाही, असं डॉक्टरांनी लवूला बजावलं होतं.

"काय लिहू मग?" साहेबांचा आवाज उगाचच खाली आला. "नवरा आहे, की नाही?"

काचेमागे यंत्र थांबलं होतं. तेही ऐकतंय, असं तिला वाटलं.

"आहेत," शेवंती म्हणाली.

"अहो बाई, पेन्शन जाईल! वर चौकशी लागेल."

"आहेत म्हणते ना."

त्यानंतर सबनीस साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे मात्र दोनदा पाहिलं.

घरी लवूने विचारलं, "वैनी, पेन्शनीचा काय झाला गो?"

"गेली खड्ड्यात. पापड लाटीन. तू इंजेक्शन चुकवू नकोस."

पुढच्या खेपेला ती त्याच्यासोबत मुलुंडला गेली. बाकावर दोघं शेजारी बसली. कंपाउंडरने खिडकीतून हाक दिली, "सहदेव!"

"हां!" हाक पुरी व्हायच्या आत लवू उठला होता. चालताना डावा खांदा जरा खाली, सहदेवचा असायचा तसा. लवूचा खांदा असा कधीच नव्हता. शेवंतीचा हात नकळत पदराकडे गेला. तिने तो डोक्यावर घेतला, मग दचकून मागे टाकला.

परतताना चाळीच्या तोंडाशी पानवाल्याने आवाज दिला, "ए लवू! अरे लवू, थांब की यार!"

लवू सरळ चालत राहिला. पानवाला पुन्हा ओरडला. शेवंतीने लवूचं कोपर धरलं.

तो थांबला, मागे वळून बघितलं, आणि साध्या आवाजात म्हणाला, "कोणाक हाक मारता तो?"