ताईच्या सहा कोंबड्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — आणि सांगतानाही मधेच थांबावंसं वाटतंय.

आई पुण्यात बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. सिंगापूरहून पुणं किती लांब? मी जायला हवं होतं. मी म्हटलं, ऑफिसात फार गडबड आहे, रजा मिळत नाही. रजा होती. ती मी जूनमधल्या सहलीसाठी राखून ठेवली होती. मग ताई गेली — कॅनडातल्या बर्फाळ गावातून, ऐन जानेवारीत, तीन विमानं बदलून. जाताना एवढंच म्हणाली, "आईचं मी बघते. तू माझ्या कोंबड्यांवर लक्ष ठेव."

तिच्या परसात सहा कोंबड्या होत्या. आता सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या फ्लॅटमधून कोंबड्या कशा सांभाळायच्या? पण खुराड्यात कॅमेरा होता, आणि खुराड्याचं छोटं दार मोटरवर वरखाली व्हायचं. दोन्ही माझ्या फोनवर. रोजचं काम शेजारचे वॉल्टर करायचे. वय ऐंशीच्या पुढे, एकटे. सकाळ-संध्याकाळ यायचे, पाणी गोठलेलं नाही ना बघायचे, झोपायच्या आधी मूठभर मका टाकायचे, थंडीने झडू नये म्हणून एकेकीच्या तुऱ्याला व्हॅसलीन लावायचे. मग उंबऱ्यावरचा बर्फ खरवडून दार खाली करायचे. ताईने सांगितलं होतं, वाऱ्याने तिथली वीज क्षणभर जाते, आणि परत आली की दार आपोआप वर सरकतं. फोनवर मेसेज येईल. बटण दाबून दार बंद झालं नाही, तर वॉल्टरना उठवायचं. त्यांनी मला फोनवर स्वतः सांगितलं होतं, "वेळ बघू नकोस. मला झोप कमीच लागते."

इराला, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, त्या कोंबड्यांचं वेड लागलं. मलाही — पण वेगळं. आमच्याकडे दुपार असायची तेव्हा तिथे मध्यरात्र. जेवताना मी फोन उभा करून बघायची. काळंपांढरं चित्र. दांड्यावर सहा गोळे, पिसं फुलवून चिकटून बसलेले. अंधारात कोंबडी हलत नाही, तुम्हाला माहीत आहे? कोणी आलं तरी हलत नाही. फक्त डोळे मधूनच चमकायचे, आणि ते माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं.

पंधरवडा नीट गेला. मग तो दिवस.

दुपारचे पावणेतीन. मीटिंग रूममध्ये मी एकटी, बाकीचे यायचे होते. मेसेज आला — दार उघडं. बाहेर उणे एकतीस. मी बटण दाबलं. दार निम्मं खाली आलं, उंबऱ्यावर साचलेल्या बर्फाला अडलं, पुन्हा वर गेलं. वॉल्टरचा नंबर मी काढला. अंगठा त्यावर होता — हे मला लख्ख आठवतंय. तेवढ्यात दारात दोन डोळे चमकले.

मुंगसासारखं काहीतरी होतं, लांबट, पांढरं. ते घाईने आत आलं नाही. उंबऱ्यावर बसून राहिलं. वारा बर्फाची भुकटी आत ढकलत होता आणि दांड्यावर सहा जणी नुसत्या बसून होत्या. माझ्या कानात इअरफोन होते. वाऱ्याशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं.

मी फोन का केला नाही? म्हाताऱ्या माणसाला एवढ्या थंडीत कसं उठवायचं — असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला बघायचं होतं. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती. दोन आठवडे सगळे नातेवाईक मला फोन करून सांगत होते, ताईने केवढं केलं, केवढ्या लांबून आली. तिचं काहीतरी बिघडावं असं मला वाटत होतं. असं वाटतं का कोणाला बहिणीबद्दल? मला वाटत होतं.

अकरा मिनिटं लागली. एकेक जागा रिकामी होत गेली. शेजारची गेली तरी उरलेल्या तशाच बसून. एक शेवटपर्यंत राहिली, भिंतीकडची. तिला न घेताच ते जनावर निघून गेलं. लोक आत आले. मी फोन पालथा ठेवला आणि मीटिंग सुरू केली. छान झाली मीटिंग.

संध्याकाळी इराने ॲप उघडलं आणि आपल्या सिंगापुरी धाटणीत म्हणाली, "आई, डोअर ओपन आहे. आणि एकच दिसते. कॉल हिम, लाह."

"तिथे अजून पहाट आहे," मी म्हटलं. "येतीलच ते."

म्हणजे तेव्हाही एक जिवंत होती — निदान असेल. तेव्हाही मी फोन केला नाही. आता केला असता तर आधी का नाही केला, हे विचारलं गेलं असतं.

आमचे रात्रीचे नऊ वाजले तेव्हा वॉल्टर आले. त्यांच्या बॅटरीचा उजेड भिंतीवर हलला. ते बराच वेळ जमिनीकडे बघत उभे राहिले. मग हातमोजा काढून त्यांनी दांड्यावरच्या त्या एकीला हळूच हात लावला. ती तशीच, बसल्या आकारात, लाकडासारखी खाली पडली. इरा खोलीतून निघून गेली. वॉल्टरनी मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होते, सांगता येत नाही.

ताईने पुण्याहून विचारलं, "वीज गेली होती का गं?"

"नाही. मला काहीच मेसेज आला नाही."

"मग दार?"

"वॉल्टर संध्याकाळी बंद करायला विसरले असतील."

ते विसरले नव्हते. संध्याकाळचं चित्रण माझ्याकडे होतं — वाकून, दोन्ही हातांनी बर्फ खरवडणारे, दार खाली गेल्यावर ते ढकलून बघणारे वॉल्टर. ते मी पुसलं. दुपारचंही पुसलं. मेसेजही.

ताई त्यांना रागावली नाही. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, मी बंद केल्याचं मला आठवतंय, पण आता खात्री देता येत नाही. मग त्यांना कशाचीच खात्री वाटेनाशी झाली. गॅस, किल्ल्या, औषधं. त्यांच्या मुलीने ताईला विचारलं, आणि ताईने खरं तेच सांगितलं — तिला माहीत होतं ते खरं. वसंत ऋतूत मुलीने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. घर विकलं.

ताईने कोंबड्या परत पाळल्या नाहीत. महिन्यातून एकदा ती वॉल्टरना भेटायला जाते आणि आल्यावर मला फोन करते. सांगते, ते हल्ली कोणाला दार लावू देत नाहीत. स्वतः उठतात, तिथल्या पॅसेजमधलं एकेक दार ढकलून बघतात, खोलीत जातात, आणि पुन्हा बाहेर येऊन सगळी दारं पहिल्यापासून बघतात. काळजी घेणाऱ्या बायका त्यांना हाताला धरून आणून बसवतात.

मी ऐकते. "बिचारे," म्हणते. आणि आईची तब्येत विचारते.